‘नेंगू’ला शेतसारा म्हणायचं का? गुजोच्या उठावावरून पडलेला प्रश्न

भातखाचर:
मंडळी, जरा मदत हवीये. एका दिवाळी अंकासाठी जपानमधल्या गुजो इथल्या शेतकऱ्यांच्या उठावावर लेख दिला होता. संपादकांना लेख आवडला, पण परत आला तेव्हा त्यात एक दुरुस्ती होती. जिथे जिथे मी ‘नेंगू’ लिहिलं होतं तिथे तिथे ‘शेतसारा’ केलेलं. आणि त्यामुळे पहिलंच वाक्य असं झालं की ‘गुजोच्या शेतकऱ्यांनी शेतसारा भरायला नकार दिला’. हे साफ चूक आहे हो. त्यांनी भरायला नकार दिलाच नव्हता, किती भरायचं ते ठरवायची पद्धत बदलली त्याला नकार दिला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेंगू हा शब्द दोन चिन्हांचा, पहिल्याचा अर्थ वर्ष, दुसऱ्याचा अर्पण किंवा खंडणी. म्हणजे वरिष्ठाला दरसाल पोचवायचं ते. आठ-नऊशे वर्षांपूर्वी जमिनी दरबारी घराण्यांच्या आणि देवळांच्या ताब्यात होत्या तेव्हापासून हा शब्द आहे. पण त्याचं नीट यंत्र झालं ते सगळा जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीच्या जमीन-पाहणीनंतर, १५८२ ते १५९८ या काळात. त्याने देशभर एकच माप चालवलं, जमिनीची प्रतवारी केली, चांगल्या खाचराला दर तानामागे दीड कोकू, मध्यमला १.३, हलक्याला १.१ असं उत्पन्न धरलं. तान म्हणजे आपले जवळपास १० गुंठे आणि कोकू म्हणजे साधारण १८० लिटर तांदूळ, वजनात दीडशे किलो, एका माणसाला वर्षभर पुरतो असं मानलेलं माप.

मग तोकुगावा घराण्याच्या शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या काळात दर शरद ऋतूत गावाच्या नावाने एक कागद यायचा, या गावाने यंदा इतके कोकू द्यायचे. लक्षात घ्या, गावाच्या नावाने. कुणाच्या वाट्याला किती ते मुखिया आणि गावकरी बसून ठरवायचे, एखाद्याचं घर बुडालं तर त्याचा वाटा बाकीच्यांनी भरायचा. सगळं पोचलं की पूर्ण भरल्याची पावती, तीही गावालाच.

आता शेतसारा म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यापुढे काय येतं? सातबारा, खातेदाराचं नाव, तलाठ्याकडे भरायची रोकड. नेंगूत यातलं काहीच नाही. मला वाटतं शब्द जपानीच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात समजावून सांगावा. तुमचं काय मत?

सरळमराठी:
मला संपादकांचं बरोबर वाटतं. दिवाळी अंक घरातली सगळी माणसं वाचतात, त्यांना पहिल्याच ओळीत नेंगू म्हणून अडवायचं कशाला? शेतकऱ्याने पिकवलेल्यातला हिस्सा राजाला द्यायचा याला आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे का, सारा आहे, धारा आहे, वसूल आहे, महसूल आहे.

आणि तुम्ही म्हणताय तितकं हे वेगळंही नाही. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या काळातली पद्धत दिलीये, काठीने जमीन मोजायची, पिकाचा आकार करायचा, त्याचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन दिवाणात. आणि तोकुगावांच्या सुरुवातीच्या काळातलं जे ठरलेलं सूत्र सांगतात ते काय, चार सरकारला सहा रयतेला. म्हणजे तोच हिशेब! काळही तोच, सतरावं शतक. इतकं सारखं असताना वाचकाला ‘अरे हे तर आपल्यासारखंच’ असं वाटू द्यायचं की परका शब्द मधे उभा करून लांब ठेवायचं? भाषांतराचं कामच जवळ आणायचं असतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

गिफूवासी:
मी गेली सहा वर्षं गिफू प्रांतात राहतोय, गुजो आमच्यापासून गाडीने तासाभरावर, म्हणून राहवलं नाही. भातखाचर यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि का ते सांगतो.

गुजोचं संस्थान लहान, सुमारे ३८ हजार कोकूचं, डोंगरातलं. तिथे आधी जोमेन पद्धत होती, म्हणजे मागच्या काही वर्षांची सरासरी काढून आकडा ठरवायचा आणि तो ठराविक वर्षं बदलायचा नाही, फारच मोठं नुकसान झालं तर सूट. संस्थानाला पैसे कमी पडायला लागले तेव्हा १७५४ मधे त्यांनी केमी पद्धत आणायची ठरवली. केमी म्हणजे दरवर्षी अधिकारी येऊन उभं पीक बघणार, एक त्सुबो जागा, म्हणजे जेमतेम ३.३ चौरस मीटर, तेवढ्यातलं भात कापणार, झोडून मापणार आणि त्यावरून सगळ्या शेताचा अंदाज बांधणार.

कागदावर हे न्याय्य वाटतं ना, जेवढं पिकलं तेवढ्यावर हिस्सा. पण शेतकऱ्यांना ते नको होतं. कारण डोंगरउतारावर गुपचूप वाढवलेली खाचरं, सुधारलेलं पीक, सगळं उघडं पडणार होतं. शिवाय अधिकारी येईपर्यंत कापणी करायची नाही, भात उभं पिकून गळतंय तरी हात लावायचा नाही, मग त्या जागेत पुढचं पीक घ्यायला उशीर. आणि आलेल्या अधिकाऱ्यांचा मुक्काम, जेवणखाण, हातावर ठेवायचं ते सगळं गावाच्या अंगावर.

तर ही माणसं चार वर्षं लढली. आधी संस्थानच्या अधिकाऱ्यांनी लेखी वचन दिलं, मग सरकारी अधिकाऱ्याला मधे घालून ते फिरवलं. लोक एदोपर्यंत, म्हणजे शोगुनच्या राजधानीपर्यंत चालत गेले, वरिष्ठ मंत्र्याची पालखी अडवून अर्ज दिला, १७५८ मधे आठव्या शोगुनने, योशिमुनेने, बसवलेल्या तक्रारपेटीत अर्ज टाकला. गावागावात दोन तट पडले, जे टिकून राहिले त्यांना ‘उभे शेतकरी’ म्हणायचे आणि जे गळले त्यांना ‘झोपलेले शेतकरी’. आणि सह्यांचा कागद गोल, छत्रीच्या काड्यांसारखा, मधे मोकळी जागा आणि चारी बाजूंनी नावं, म्हणजे पहिलं नाव कुणाचं, पुढारी कोण हे वाचणाऱ्याला कळू नये. मी त्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ कागद फिरवून फिरवून बघत होतो.

शेवटी संस्थानिक कानामोरीचं संस्थानच काढून घेतलं, एदोतल्या एका मुख्य मंत्र्याचंही पद गेलं. आणि उठावातल्या पुढाऱ्यांनाही देहदंड झाला. आता सांगा, हे सगळं ‘शेतसारा भरायला नकार दिला’ या वाक्यात कुठे बसतं?

सरळमराठी:
गिफूवासी, माहिती अप्रतिम. पण ते वाक्य चुकलं ते शब्दामुळे नाही, वाक्यरचनेमुळे चुकलंय. ‘साऱ्याची आकारणी बदलायला विरोध केला’ असं लिहा, झालं काम. त्यासाठी नेंगू कशाला लागतो?

मोडीवाचक:
मी थोडा वेगळा विरोध करतो. धागाकर्त्यांनी दोन गोष्टी एकत्र केल्यात. ते म्हणतात गावाच्या नावाने आकारणी हे नेंगूचं वेगळेपण. तसं नाही हो. आपल्याकडे इंग्रजांच्या आधी काय होतं? जमाबंदी गावाचीच ठरायची, पाटलाबरोबर. मामलतदार पाटलाशी घासाघीस करून गावाचा आकडा ठरवायचा आणि मग पाटील-कुलकर्णी तो गावात बसवायचे, कुणाची जमीन पडीक राहिली तर त्याचा भार इतरांवर यायचा. पेशवाईतले कागद बघितलेत तर हे जागोजागी दिसतं. खातेदार, त्याचं नाव, त्याचं क्षेत्र, त्याच्यावर थेट सरकारी आकार हे १८३६ मधे इंदापूर तालुक्यातून सुरू झालेल्या रयतवारी पाहणीनंतर आपल्या अंगवळणी पडलं.

म्हणजे तुमच्या डोळ्यापुढे सातबारा आणि तलाठी येतो तो शब्दाचा दोष नाही, आपण आपलाच जुना इतिहास विसरलो त्याचा दोष आहे. ‘सारा’ हा शब्द त्या आधीचा आहे आणि त्यात गावाची सामूहिक जबाबदारी मावत होती. आपला शब्द अपुरा आहे म्हणून बाहेरचा आणायचा हे मला पटत नाही, आधी आपल्या शब्दाचा जुना अर्थ जागा करून बघा. जपानी नेंगू वाचून जर मराठी वाचकाला आपल्या जुन्या गावकीची आठवण झाली तर ते किती चांगलं होईल, आणि ते ‘सारा’ म्हटलं तरच होईल.

भातखाचर:
मोडीवाचक, गावाच्या जबाबदारीचा मुद्दा तुमचा मान्य. तो मी मांडायला नको होता, निदान तसा मांडायला नको होता, लेखातही मी ते ‘जगात कुठे नव्हतं’ अशा थाटात लिहिलंय ते आजच काढतो.

पण तरी शब्द ठेवावा असं का वाटतं ते दुसऱ्या बाजूने सांगतो. माझ्या लेखाचा शेवट १८७३ वर येतो. त्या वर्षी तोकुगावांनंतर आलेल्या मेइजी सरकारने नेंगू बंद केला आणि चिसो आणला. चिसो म्हणजे जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के, रोख, ज्याच्या नावावर मालकीचा दाखला त्याने भरायचे, पीक येवो न येवो. बघा, हा खरा शेतसारा! खातेदार, रोकड, ठरलेला आकार, सगळं जुळतं. आता मी नेंगूलाही शेतसारा म्हटलं आणि चिसोलाही शेतसारा म्हटलं तर वाक्य होणार ‘सरकारने शेतसारा रद्द करून शेतसारा लावला’. वाचकाला काय कळणार? आणि लोक त्या बदलावर का चिडले ते तर अजिबातच कळणार नाही. १८७६ मधे मिए आणि इबाराकीकडे मोठे दंगे झाले, पुढच्या वर्षी सरकारला ३ चे २.५ टक्के करावे लागले, बांबूच्या भाल्याने एक टोचा दिला आणि अडीच टक्के बाहेर आले अशा अर्थाची ओळच लोकांच्या तोंडी झाली. पीक बुडालं तरी रोख भरायचे ही नवी गोष्ट होती, म्हणून तो राग.

अजून एक. नेंगू नेहमी शेतातलंच असायचं असंही नाही. हाचिजो बेटावर भात होत नव्हतं, तिथले लोक नेंगू म्हणून रेशमी कापड द्यायचे, पिवळ्या रंगाचं, त्या बेटाच्या नावानेच ते प्रसिद्ध आहे. त्या बायकांनी मागावर विणलेल्या ताग्याला मी शेतसारा कसं म्हणू?

सरळमराठी:
१८७३ चा मुद्दा वजनदार आहे, मान्य. ते वाक्य खरंच हास्यास्पद होईल. पण मग नेंगूला धान्यसारा म्हणा ना, किंवा नुसतं वसूल. हाचिजोचं कापड हा अपवाद झाला, अपवादावरून शब्द ठरत नाहीत.

घामाचाभाव:
इतका वेळ वाचतोय आणि मला वेगळाच त्रास होतोय. तुम्ही सगळे शब्दाच्या नेमकेपणावर बोलताय पण परका शब्द ठेवला की त्यातली वेदना पुसली जाते याचं काय? नेंगू म्हटलं की वाचकाला सामुराई, चेरीची फुलं, चहाचा समारंभ यांच्या रांगेतलं काहीतरी सुंदर वाटतं. मुळात ती लूट होती. आणि लुटीला लूट म्हणायला आपल्याकडे शब्द आहेत.

हिदेयोशीच्या वेळचं सूत्र काय होतं, दोन वाटे सरकारला एक रयतेला. आठव्या शोगुनच्या काळात तोकुगावांनी चाळीसाचे पन्नास टक्के केले. त्याच सुमाराचा कानो हारुहिदे म्हणून खजिन्याचा अधिकारी, त्याच्या नावावर सांगतात ते वाक्य ऐका, तिळाचं तेल आणि शेतकरी जितके पिळाल तितके जास्त निघतात. त्याच्याच काळात, १७४४ मधे, शोगुन सरकारचं नेंगूचं उत्पन्न सगळ्यात वर गेलं, जवळपास १८ लाख कोकू. ज्यांनी ते तांदूळ पिकवले ते स्वतः बार्ली आणि बारीक भरडधान्य खायचे, तांदूळ सणाला.

त्याआधीचं शिमाबारा घ्या, १६३७. तिथल्या मात्सुकुरा घराण्याच्या संस्थानाचा अधिकृत आकडा ४० हजार कोकू होता पण शोगुनपुढे मोठेपणा दाखवायला ते १ लाख कोकूच्या हिशेबाने ओझं उचलायला तयार झाले आणि ते सगळं शेतकऱ्यांकडून पिळलं. न भरणाऱ्याला गवताचं इरलं घालून ते पेटवून द्यायचे अशी वर्णनं आहेत. बंड झालं, किल्ल्यात शिरलेले बायकापोरांसकट जवळपास सगळे मारले गेले. हे लिहिताना मला ‘नेंगू’ असा गुळगुळीत शब्द नको वाटतो. जुलमी वसुली म्हणा, खंडणी म्हणा, दुसऱ्या चिन्हाचा अर्थ तुम्हीच खंडणी सांगितलाय ना?

गिफूवासी:
घामाचाभाव, शिमाबाराबद्दल वाद नाहीच. त्या मात्सुकुराचा शेवटी शोगुननेच शिरच्छेद केला, तोकुगावांच्या सबंध काळात शिरच्छेद झालेला संस्थानिक तो एकटाच, म्हणजे त्यांच्याही नजरेत ते हद्दीबाहेरचं होतं. पण अडीचशे वर्षांचा नेंगू म्हणजे शिमाबारा नव्हे.

५० टक्के हा आकडा कशाच्या ५० टक्के ते बघा. कागदावर धरलेल्या उत्पन्नाच्या. आणि कागद जुना! बऱ्याच ठिकाणी १७०० नंतर पूर्ण फेरमोजणी झालीच नाही. इकडे शेतकऱ्याने माशाचं खत आणलं, बियाणं सुधारलं, दुसरं पीक घ्यायला लागला, कापूस नीळ रेशीम करायला लागला, पण वहीत तेच जुने कोकू. थॉमस स्मिथ या इतिहासकाराने १९५८ मधे गावोगावच्या नेंगूच्या आकड्यांवरून दाखवलं की शे-दीडशे वर्षं आकारणी जवळजवळ तिथेच राहिली, म्हणजे वाढत्या उत्पन्नाच्या मानाने खरा भार हलका होत गेला. मोजणीची दोरीच सैल धरायची यालाही त्यांच्याकडे शब्द आहे, नावानोबी, दोरी ताणली जाणं. वहीत १० गुंठे आणि प्रत्यक्षात १२. गुजोवाले नेमकी हीच वाचलेली जागा वाचवायला लढले. लूट म्हटलं की शेतकरी नुसता मार खाणारा होतो, आणि तो तसा नव्हता, तो हिशेब जाणणारा, अर्ज लिहिणारा, अधिकाऱ्याला तोंड देणारा माणूस होता. मला त्याची ती ओळख पुसायची नाहीये.

आणि शब्द आजही जिवंत आहे बरं का. ऑफिसमधल्या एकाचं लग्न ठरलं, चाळिशीचा माणूस, तर शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, ‘आता नेंगू भरायची वेळ आली.’ म्हणजे आता सुटका नाही, मुकाट्याने स्वीकारा. खूप दिवस लपलेला गुन्हेगार सापडला की हेच म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी बंद झालेली गोष्ट अजून तोंडात आहे, ती आठवण ‘वसूल’ शब्दात कशी येणार?

घामाचाभाव:
तुम्हीच दिलेलं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ‘सुटका नाही, मुकाट्याने स्वीकारा’ हाच अर्थ लोकांच्या तोंडी उरला ना? सरासरीने भार हलका झाला असेल, पण सरासरी जेवत नाही. जमीन जास्त असणाऱ्याने खत आणलं, नीळ केली. ज्याच्याकडे दोन तुकडे, त्याचा वाटा गावात वाटून येताना कमी होत होता का? आणि ज्याची जमीन गहाण गेली तो कुळ झाला आणि जमीनदाराला वेगळं द्यायला लागला, त्यालाही नेंगूच म्हणायचे असं मी वाचलंय. तेनमेईच्या दुष्काळात, १७८० च्या दशकात, उत्तरेकडे माणसं गावंच्या गावं मेली आणि संस्थानांना ओसाकाच्या बाजारात तांदूळ पोचवायची चिंता होती. हलका भार कुणाला?

गिफूवासी:
हो, कुळाने जमीनदाराला द्यायचं त्यालाही नेंगू म्हणायचे, बरोबर वाचलंय तुम्ही, आपल्याकडे त्याला खंड म्हणतो. आणि गरीबाच्या वाट्याबद्दल तुमचं बरोबर आहे, गावातल्या गावात कसं वाटलं जायचं हे त्या सरासरीत दिसत नाही. तिथे मी थांबतो. पण यावरूनच दिसतं की एकाच शब्दात राजाचा हिस्सा, देवळाचा हिस्सा आणि सावकार-जमीनदाराचा खंड तिन्ही आहेत. मराठीत तीन वेगळे शब्द होतात. जपानी शेतकऱ्याला मात्र ते एकच ओझं वाटत होतं, म्हणून एकच शब्द.

तळकोकणी:
मी इतिहासाची नाही, पण गिफूवासी दादांनी केमीचं जे वर्णन केलं ते वाचून अंगावर काटा आला म्हणून लिहितेय. हे तर आमच्याकडे होतं! आमची आजी रत्नागिरी जिल्ह्यातली, कुळाच्या घरातली, ती सांगायची अभावणीला माणूस यायचा. भात पिवळं झालं की खोताचा माणूस मेरेवरून चालत जाणार, एका खाचराकडे बघणार, दुसऱ्याकडे बघणार आणि बोलणार इतके मण. बस. तो जो बोलला त्याच्या निम्मं खोताचं, अर्धेल म्हणायचे. आणि तो येऊन जाईपर्यंत विळा लावायचा नाही. आजी सांगायची की एका वर्षी परतीचा पाऊस अंगावर आला, आकाश काळं झालं, भात लोळायला लागलं आणि माझे पणजोबा मेरेवर उभे राहून नुसते वाटेकडे बघत होते, माणूस काही येईना. दोन दिवसांनी आला. तोवर लोंब्या चिखलात गेल्या होत्या, आणि आकडा मात्र उभ्या पिकाचा बोलला. हे सांगताना म्हातारीचा आवाज ऐंशीव्या वर्षीही बदलायचा.

तेव्हा तुमचा तो केमी, त्याला सरळ अभावणी म्हणा. कोकणात कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, समजावून सांगायला लागणार नाही. आता खोती गेली, आंबेडकरांनी १९३७ मधे विधेयक आणलं होतं आणि कायदा १९४९ चा, पण शब्द आहे अजून. उभ्या पिकाचा अंदाज, तो बाहेरून आलेल्या माणसाने बोलायचा आणि तोवर कापायचं नाही, या सगळ्याला एक शब्द आपल्याकडे तयार असताना केमी कशाला?

नेंगूचं मात्र मला कळत नाही. त्याला खोतीतला शब्द लावून बघितला, बसत नाही. खोत आणि त्यांचा संस्थानिक एक नव्हे.

मोडीवाचक:
तळकोकणी ताई, अभावणी! हाच तर माझा मुद्दा होता आणि मला स्वतःला हा शब्द सुचला नाही. देशावर आपण पाहणी म्हणतो, पण पाहणीत नुसतं बघणं आहे. अभावणीत आकडा बोलणं आलं. आणि ते त्सुबोभर जागा कापून मापणं, ते तर आजही आपल्याकडे चालतंच की, पैसेवारी काढताना ठराविक मापाच्या तुकड्यात पीक कापणी प्रयोग करतात, तसंच. फरक एवढाच की आपण ते आता सूट द्यायची का हे ठरवायला करतो आणि ते घ्यायचं किती ते ठरवायला करायचे.

भातखाचर:
ताई, तुमच्या पणजोबांचं ते मेरेवर उभं राहणं माझ्या लेखात घेऊ का? नाव गाव काही देणार नाही. गुजोच्या लोकांना केमी का नको होती हे मी तीन परिच्छेद खर्चून समजावलं होतं आणि ते इतक्या स्वच्छ समजत नव्हतं.

केमी काढतो, अभावणी करतो. जोमेनला ‘ठरीव आकार’ करतो. म्हणजे सरळमराठी आणि मोडीवाचक यांचं मी बरंच ऐकलं. पण नेंगू ठेवणार. एक म्हणजे १८७३ मुळे, आणि दुसरं कोकूमुळे. या सगळ्या व्यवस्थेत फक्त शेतकऱ्याने किती द्यायचं एवढंच मोजलं जात नव्हतं, कोण किती मोठा हेही त्याच मापाने ठरत होतं. १० हजार कोकूच्या वर असेल तर तो दाइम्यो, म्हणजे मोठा संस्थानिक. कागा संस्थानच्या मायेदा घराण्याला दहा लाखांचे धनी म्हणायचे. सैन्य किती ठेवायचं, शोगुनच्या बांधकामाला किती हात लावायचा, सगळं कोकूवर. उत्तरेच्या मात्सुमाए संस्थानात भातच पिकत नव्हतं, त्यांचं उत्पन्न तिथल्या मूळच्या आयनू लोकांबरोबरच्या व्यापारातून, त्यामुळे त्यांना या मोजपट्टीत बसवायचं कसं हाच प्रश्न. शेतकऱ्याच्या नेंगूपासून दाइम्योच्या मानापर्यंत एकच दोरी होती आणि ती तांदळाची होती. ‘वसूल’ म्हटलं की खालचं टोक दिसतं, वरचं सुटतं.

घामाचाभाव, तुमचंही घेतलं. पहिल्या उल्लेखात मी ‘वार्षिक अर्पण’ असा कोवळा अर्थ दिला होता. आता लिहितो, ‘नेंगू, म्हणजे गावाने दरसाल सत्तेला पोचवायचा तांदळाचा हिस्सा, न पोचवून चालत नसे असा.’

तळकोकणी:
घ्या की दादा. पण एक करा, माणूस दोन दिवसांनी आला एवढं नक्की लिहा. आजी ते कधी गाळायची नाही.

सरळमराठी:
शब्द ठेवताय तर निदान शुद्धलेखन तरी मराठी ठेवा. मूळ उच्चार ऱ्हस्व असेल, पण आपल्याकडे शेवटचा उकार दीर्घ, म्हणून नेंगू, नेंगु नाही. आणि तो पुल्लिंगी चालवा, सारा भरला तसा नेंगू भरला. सामान्यरूप होऊ द्या, नेंगूचा, नेंगूला, नेंगूपायी. तुम्ही एका ठिकाणी ‘नेंगू या कराचा’ असं लिहिलंय, ते काढा, शब्द आत घेतलाय ना, मग त्याला आता पाहुण्यासारखं वागवू नका. माझं मत अजून धान्यसाऱ्याकडेच आहे, ते सांगून ठेवतो.

घामाचाभाव:
‘न पोचवून चालत नसे असा’ हे चाललं. पण शिमाबाराच्या परिच्छेदात तरी ‘नेंगू गोळा केला’ लिहू नका. तिथे ‘पिळला’ लिहा.

भातखाचर:
लिहिलं. पहिलं वाक्य आता असं झालंय, आज रात्री संपादकांना पाठवतो: ‘१७५४ मध्ये गुजोच्या शेतकऱ्यांना कळलं की यंदापासून नेंगू ठरीव आकाराने नाही, अभावणीने ठरणार, आणि त्यांनी विळे खाली ठेवून गडाची वाट धरली.’